निवाडा आणि निवडणूक : न्यायाधीशाच्या निवडीचा इतिहास व त्याची वाङ्मयीन रूपे

मराठीत ‘निवडणूक’ आणि ‘निवाडा’ हे दोन शब्द एकाच धातूच्या घरातले आहेत. निवडणे म्हणजे वेगळे करणे. धान्यातून खडे वेगळे करणे, खऱ्यातून खोटे वेगळे करणे. वादाचा निर्णय करणाऱ्याने जे केले त्याला जुन्या कागदांत निवाडा म्हटले गेले, आणि मतदाराने जे केले त्याला अलीकडच्या काळात निवडणूक हे नाव मिळाले. शब्द इतके जवळचे असूनही व्यवहारात त्यांच्यात भिंत उभी आहे : जो निवाडा करतो त्याची आपल्याकडे निवडणूक होत नाही, नेमणूक होते. ही भिंत नैसर्गिक आहे असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत ती नाही. तेथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एकेका जागेसाठी उमेदवार उभे राहतात, प्रचार होतो, मते मोजली जातात. प्रस्तुत लेखात या प्रथेचा इतिहास आणि तिची वाङ्मयातील रूपे आपल्याकडील न्यायाधीशाच्या निवडीच्या कल्पनांशी ताडून पाहावयाची आहेत. त्यासाठी निरीक्षणाचे ठिकाण म्हणून जबलपूर जिल्ह्यातील कुंडम ही तहसील घेतली आहे.

कुंडम का, हे सांगणे अगत्याचे आहे. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, मोठ्या गोंड वस्तीचे हे तहसिलीचे ठिकाण. नर्मदेला मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते. गढा-मंडला राज्याचा हा मुलूख १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या डिसेंबरातील जबलपूरच्या लढाईनंतर कंपनी सरकारकडे गेला. म्हणजे गोंड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन न्यायव्यवस्थांखालून तो गेला आहे. ९ जानेवारी १९३६ पासून कुंडमच्या वादांचे वरिष्ठ न्यायपीठ नागपुरास होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ते जबलपुरास आले. नागपूर उच्च न्यायालयाचे अखेरचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हेच मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. खुर्ची शेकडो किलोमीटर सरकली, पण कुंडमच्या रहिवाशाला तेव्हाही कोणी काही विचारले नाही.

तसे पाहता या रहिवाशाइतके मतदान क्वचितच कोणी करीत असेल. प्रभागाचा पंच, सरपंच, जनपद पंचायतीचा आणि जिल्हा पंचायतीचा सदस्य, आमदार, खासदार, एवढ्यांना तो निवडतो. यातील ‘पंच’ हा शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. मध्यप्रदेशात ग्रामपंचायतीच्या प्रभागातून निवडून येणारा सदस्य म्हणजे पंच. तो निवडून येतो, परंतु निवाडा करीत नाही. महाराष्ट्रात याच शब्दाने पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार किंवा कबड्डीच्या मैदानावरचा निर्णायक ओळखला जातो. पहिला केवळ पाहतो, दुसरा खेळापुरता न्याय देतो, आणि दोघांनाही कोणी मत देत नाही. एका प्राचीन संस्थेचे अवयव भाषेने असे दोन प्रांतांत वाटून टाकले आहेत.

दुसरा शब्द ‘राजीनामा’. जबलपूरच्या न्यायालयीन हिंदीत लोकअदालतीच्या सूचनांमधून ‘राजीनामायोग्य प्रकरणे’ असा उल्लेख येतो. मराठी वाचक तेथे क्षणभर अडखळतो, कारण त्याच्या भाषेत राजीनामा म्हणजे पदत्याग. हिंदीतील अर्थ आहे उभयपक्षी तडजोड. फारसीतून आलेल्या या समासाचा मूळ भाव ‘राजी असल्याचे लेखी पत्र’ एवढाच, आणि मराठेशाहीतील न्यायप्रक्रियेत तो नेमक्या अर्थाने वापरला जाई. त्याकडे पुढे येऊच. आधी अमेरिकेकडे वळू, कारण न्यायाधीशाची निवडणूक हा शब्दशः व्यवहार तेथलाच.

अमेरिकन संघराज्य स्थापन झाले तेव्हा राज्यांतील न्यायाधीश विधिमंडळ किंवा गव्हर्नर यांच्याकडून नेमले जात. मिसिसिपी राज्याने १८३२ च्या घटनेने आपले सर्व न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरविले. १८३५ मध्ये तोकव्हिल याने आपल्या अमेरिकेवरील ग्रंथाच्या पहिल्या भागात या प्रवृत्तीची नोंद घेतली आणि तिचे परिणाम अनिष्ट होतील असे भाकीत केले. परंतु १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला आणि त्यानंतर संघराज्यात येणाऱ्या नव्या राज्यांनी कित्येक दशके ही प्रथा स्वीकारली. यामागे न्यायाचा अवमान करण्याची इच्छा नव्हती, हे आवर्जून ध्यानात घ्यावयास हवे. विधिमंडळे कर्ज काढून कालवे आणि रेल्वे बांधीत होती, आणि त्यांनीच नेमलेले न्यायाधीश त्यांना आवर घालतील असा विश्वास उरला नव्हता. न्यायाधीशाला स्वतःचे मतदार मिळाले तर तो राज्यकर्त्यांसमोर ताठ उभा राहील, अशी सुधारकांची धारणा होती. निवडणूक ही स्वातंत्र्याची हमी म्हणून आली.

मग पक्षांनी त्या जागा ताब्यात घेतल्या. उपाय म्हणून कोठे पक्षचिन्हाविना मतपत्रिका आली. १९४० मध्ये मिसुरी राज्याने समितीच्या शिफारशीवरून नेमणूक आणि पुढे ‘ठेवावा की न ठेवावा’ एवढ्याच प्रश्नावर लोकमत अशी मिश्र पद्धत काढली. आज ५० पैकी ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मतदान होते. मिश्र पद्धतही निरुपद्रवी ठरली नाही. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये मृत्युदंडाच्या प्रश्नावरून मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांना मतदारांनी पदावरून दूर केले. आयोवात समलिंगी विवाहाला मान्यता देणारा २००९ चा निर्णय एकमताचा होता. पुढच्याच वर्षी त्यातील ज्या तीन न्यायमूर्तींची नावे मतपत्रिकेवर आली ते तिघेही गेले. पैशाचे म्हणावे तर वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराच्या विजयासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. त्याच कंपनीविरुद्धचा ५ कोटी डॉलरचा निवाडा नंतर या न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी फिरविला, आणि त्या तिघांत बेंजामिन होते. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ‘केपर्टन’ खटल्यात हे अमान्य केले, तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. विस्कॉन्सिन राज्यात १ एप्रिल २०२५ रोजी एका जागेसाठी झालेल्या निवडणुकीत, जी सूझन क्रॉफर्ड यांनी जिंकली, सर्व बाजूंचा मिळून खर्च १० कोटी डॉलरच्या आसपास गेला.

या इतिहासाला लोकप्रिय कादंबरीने लवकर हात घातला. जॉन ग्रिशम याची ‘द अपील’ ही कादंबरी २००८ च्या आरंभी, म्हणजे केपर्टन निर्णयाच्या आधी, प्रसिद्ध झाली. तिची भूमी मिसिसिपी आहे, जेथून ही प्रथा सुरू झाली. विषारी रसायने जमिनीत सोडणारी एक कंपनी खटला हरते. अपील जिंकण्यासाठी तिचा मालक न्यायालयच बदलू पाहतो : शीला मॅकार्थी या न्यायमूर्तींना पाडण्यासाठी रॉन फिस्क नावाचा, आपण वापरले जात आहोत हे न कळणारा, सालस वकील उभा केला जातो आणि तो निवडून येतो. अपील समोर असतानाच फिस्कच्या मुलाला सदोष बेसबॉल बॅट आणि त्यावर झालेली वैद्यकीय चूक यांमुळे कायमची इजा होते. नुकसानभरपाईचे दावे कशासाठी असतात हे त्याला स्वतःच्या घरात कळते. तरीही तो कंपनीच्या बाजूने मत देतो.

या कथेसमोर प्रेमचंदांची १९१६ मधील ‘पंच परमेश्वर’ ठेवावी. दोन कथांत ९२ वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. तथापि दोन्हींची रचना एकाच प्रसंगाभोवती आहे. न्यायाच्या आसनावर बसलेल्या माणसाचा खाजगी जिव्हाळा पणाला लागतो. जुम्मन शेखची वृद्ध खाला आपली मालमत्ता त्याच्या नावे करून उपेक्षित झालेली आहे. ती पंचायत बोलावते आणि पंच म्हणून नाव घेते ते जुम्मनच्या जिवलग मित्राचे, अलगू चौधरीचे. अलगू मित्राविरुद्ध निकाल देतो आणि मैत्री तुटते. पुढे बैलाच्या किमतीवरून अलगूचा समझू साहूशी वाद होतो, तेव्हा समझू पंच म्हणून मुद्दाम जुम्मनला निवडतो, कारण तो आता अलगूचा वैरी आहे. जुम्मन आसनावर बसतो आणि अलगूच्या बाजूने निकाल देतो.

या कथेला आदर्शवादी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे आणि समीक्षेने ते पुष्कळदा केले आहे. परंतु तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पंचाच्या अंतःकरणपालटाची नसून त्याच्या निवडीची आहे. खालाने अलगूला निवडले. समझूने जुम्मनला निवडले. दोन्ही वेळा एका पक्षकाराने नाव घेतले आणि प्रतिपक्षाने ते अमान्य केले नाही. पंचाला बहुमताने कोणी आणलेले नाही. ज्यांचा वाद आहे त्यांनीच त्याला बसविले आहे, आणि तेही त्या एका वादापुरते. फिस्कला ज्यांनी निवडले त्यांचा त्या गावच्या दूषित पाण्याशी संबंध नव्हता. त्यांना एक गट म्हणून न्यायालयाकडून काहीतरी हवे होते. अमेरिकन मतदार निवाड्याआधी न्यायाधीशाचा कल निवडतो, तर प्रेमचंदांचा पक्षकार माणूस निवडतो. समझूने कल हेरूनच निवड केली होती, आणि कथेत त्याचीच फसगत होते.

प्रेमचंदांनी ही प्रक्रिया कल्पनेने रचलेली नाही. मराठेशाहीतील वतनाच्या वादांची कागदपत्रे पाहिली तर तिचा लेखी सांगाडा हाती येतो. वादी आणि प्रतिवादी यांच्याकडून प्रथम राजीनामा घेतला जाई : अमुक सभा किंवा पंच जो निर्णय देतील त्यास आपण राजी आहो. त्यासोबत जामीन. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि प्रसंगी परगण्याचे देशमुख-देशपांडे बसत. निर्णयाचा महजर किंवा निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई. स्वतःच्या गावची सभा पक्षपाती आहे असे वाटल्यास पक्षकार दुसरे ‘थळ’ मागू शके, आणि वाद परक्या गावच्या गोताकडे नेला जाई. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ मधील इंग्रजी ग्रंथात या सर्व प्रक्रियेची साधार मांडणी आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने राजीनामा आणि थळ या दोन गोष्टी निर्णायक आहेत. न्यायाधीशाचा अधिकार पक्षकाराच्या संमतीतून येत होता, आणि ती संमती नाकारण्याची वाटही प्रक्रियेतच ठेवलेली होती.

या व्यवस्थेचे गुणगान करताना एक सावधगिरी मात्र हवी. गोतसभेत कोण बसे हे जात आणि वतन ठरवीत असे. ज्याला वतन नाही त्याची संमती विचारण्याचा प्रश्न येत नसे, आणि बायकांचा तर नाहीच. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची दखल घेतली आणि ती जिवंत ठेवण्याचा यत्नही केला. परंतु सक्तीने बोलावता येणारे दिवाणी न्यायालय शेजारी उभे राहिल्यावर हरण्याची शक्यता असलेला पक्षकार राजीनामा कशाला लिहून देईल? पंचायत मागे पडली ती कोणी मनाई केली म्हणून नव्हे.

मराठी मनातील आदर्श न्यायाधीश मात्र पंच नाही. तो रामशास्त्री प्रभुणे आहे : पेशव्यांनी नेमलेला, पगारी, पुणे दरबाराचा न्यायाधीश. नारायणरावांच्या १७७३ मधील खुनानंतर त्याने राघोबास देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ मधील इतिहासातून पुढे आली आणि शालेय पुस्तकांपासून प्रभातच्या १९४४ मधील चित्रपटापर्यंत पसरली. तिचा कळस निवाड्यात नाही, पद सोडण्यात आहे. नेमलेल्या न्यायाधीशाला आपले स्वातंत्र्य सिद्ध करण्याची एकच निर्विवाद संधी असते, ती म्हणजे नेमणूक परत करणे. ‘राजीनामा’ या शब्दाने मराठीत संमतीकडून त्यागाकडे जो प्रवास केला त्याचे कारण अर्थात ही कथा नव्हे. कचेरीच्या व्यवहारातून तो घडला असावा. पण शब्द आणि कथा एकाच दिशेने चालले आहेत, हे नोंदविण्यासारखे आहे.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांसमोर हे सर्व पर्याय तत्त्वतः खुले होते. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन सूचनांचा परामर्श घेतला : सरन्यायाधीशांची सहमती आवश्यक करावी, संसदेच्या दोनतृतीयांश मतांनी नियुक्तीला मान्यता घ्यावी, किंवा राज्यसभेचा सल्ला घ्यावा. त्यांनी तिन्ही नाकारल्या. इंग्लंडप्रमाणे सर्व अधिकार कार्यकारी सत्तेला देणे धोक्याचे आणि अमेरिकन सिनेटप्रमाणे विधिमंडळाची संमती घेणे राजकारणाला वाव देणारे. म्हणून सल्लामसलतीचा मध्यममार्ग. सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच असतो, त्याला नकाराधिकार देऊ नये, हाही त्यांचा मुद्दा होता. लोकांनी न्यायाधीश निवडावा ही सूचना या तिहींत नव्हतीच. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात खेड्याला राज्यघटनेचा घटक मानण्यास त्यांनी जो कठोर नकार दिला, तो येथे आठवावा. गोतसभेच्या बाहेर उभे राहिलेल्यांच्या अनुभवातून तो आला होता. बहुमताने निवडलेला गावचा न्यायाधीश अस्पृश्याला काय देईल, याचे उत्तर त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही.

मध्यममार्गाची सर्वांत कठीण परीक्षा ज्या खटल्यात झाली त्याला कुंडम ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याचे नाव आहे : अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येते, असे मध्यप्रदेशासह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरविले. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे वेगळे मत ह. रा. खन्ना यांचे. त्याच वर्षी उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या इतरत्र बदल्या झाल्या. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून मि. ह. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला, मराठी अर्थाने. चंद्रचूडांच्या त्या मताला ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणाच्या अधिकारावरील निर्णयात चुकीचे ठरविणाऱ्या निवाड्याचे लेखक त्यांचेच चिरंजीव धनंजय होते.

हा खटला दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून तो जपून वापरावयास हवा. नेमलेले चार न्यायमूर्ती झुकले, म्हणून निवडणूक बरी, असे म्हणता येईल. परंतु त्यावेळी कार्यकारी सत्ताही निवडून आलेलीच होती, आणि रोझ बर्ड यांचे उदाहरण सांगते की स्थानबद्धाच्या किंवा आरोपीच्या बाजूने उभे राहणारा न्यायाधीश मतपेटीसमोर फार काळ टिकत नाही. मला यातून एवढेच दिसते की खन्नांना त्यांच्या मताची किंमत एकदाच, एका सत्तेकडून मोजावी लागली. निवडून येणाऱ्या न्यायाधीशाला ती दर मुदतीला मोजावी लागते.

आपल्याकडे न्यायाधीश निवडणुकीला उभा राहतो तो खुर्ची सोडल्यावर. सरन्यायाधीश कोका सुब्बाराव १९६७ मध्ये पद सोडून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि झाकीर हुसेन यांच्याकडून हरले. खन्ना १९८२ मध्ये विरोधी पक्षांचे उमेदवार होते. झैलसिंग निवडून आले. हिदायतुल्ला १९७९ मध्ये उपराष्ट्रपती झाले ते बिनविरोध.

खालच्या पातळीवर निवड आणि निवाडा यांना एकत्र आणण्याचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या १९४६ च्या पंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यातही त्या आल्या. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात त्या गेल्या. विधी आयोगाने १९८६ च्या ११४ व्या अहवालात एक प्रशिक्षित न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक अशा ग्रामन्यायालयाची कल्पना मांडली. २००८ च्या केंद्रीय कायद्यात सामान्य नागरिक गळाले आणि उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्य सरकारने नेमलेला न्यायाधिकारी तेवढा उरला. निवडलेल्या पंचाविषयीचा अविश्वास कायद्याच्या मसुद्यांतून असा पायरीपायरीने वाचता येतो. मराठी नाटकाने तो अविश्वास आधीच रंगमंचावर आणला होता. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या बाईवर चालविलेला खटला आहे, आणि न्यायाधीश झालेला काशीकर स्वतःच उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो. गोतसभेचे ते सर्वांत निर्दय विडंबन होय. फरक एवढाच की बेणारेबाईंनी राजीनामा लिहून दिलेला नव्हता.

जगात मात्र वारे उलट दिशेने वाहिलेले दिसते. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ जागांसह शेकडो न्यायाधीश थेट मतदानाने निवडले. मतदान सुमारे १३ टक्के झाले. सर्वाधिक मते मिळवून न्यायालयाचे अध्यक्ष झाले ते ह्यूगो अगिलार ओर्तीस, मिश्तेक या आदिवासी समाजातील वकील. नेमणुकीच्या पद्धतीने अशा समाजांना वरच्या न्यायासनापर्यंत किती वेळा नेले, हा प्रश्न कुंडमसारख्या ठिकाणाहून विचारला तर तो केवळ मेक्सिकोपुरता राहत नाही.

कुंडमच्या पूर्वेला लागून असलेला दिंडोरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येतो. १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या मध्यप्रदेशाच्या पेसा नियमांनुसार तेथील ग्रामसभेने एक समिती घडवावयाची आहे. तिच्यापुढे गावातले लहान वाद येतील आणि ती ते मिटवील. हिंदी नियमांत तिचे नाव ‘शांति एवं विवाद निवारण समिति’ असे आहे. नावात न्याय नाही, पंचही नाही.